नव्या औषधाचा खर्च कोणी सोसावा?

२३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पेटंट कार्यालयाने एक अर्ज फेटाळून लावला. अर्ज जॉन्सन अँड जॉन्सन उद्योगसमूहाचा होता आणि विषय होता बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाचा एक क्षार. मूळ औषधावरील पेटंटची मुदत त्याच वर्षीच्या जुलैत संपणार होती. या क्षारावर वेगळे पेटंट मिळाले असते, तर कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. अर्जाला हरकत घेणाऱ्यांमध्ये दोन तरुणी होत्या. एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. दोघीही क्षयाच्या तावडीतून सुटलेल्या आणि दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या उपचारातील इंजेक्शनांनी हिरावून नेलेली. बेडाक्विलिनच्या गोळ्यांमुळे त्या इंजेक्शनांची गरजच उरत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची हरकत केवळ कायद्याचा कीस काढण्यासाठी नव्हती, हे ध्यानात येते.

निर्णयाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक खरेदीयंत्रणेने मागविलेल्या निविदांत सहा महिन्यांच्या औषधाची किंमत २८९ डॉलरवरून १३० डॉलरवर आली. स्पर्धेची नुसती चाहूल लागताच भाव निम्म्याहून खाली यावा, यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु या सर्व चर्चेत प्रश्न विचारला गेला तो किमतीचा. हे औषध जन्माला यायला इतकी वर्षे का लागली, त्याच्या जन्माचा खर्च कोणी केला, आणि यापुढचे औषध कोठून येणार, हे प्रश्न मात्र बाजूला राहिले. वस्तुतः किमतीच्या प्रश्नाचे मूळ याच प्रश्नांत आहे.

क्षयाच्या औषधांचा इतिहास विलक्षण आहे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू दाखवून दिला, तरी पुढची साठ वर्षे वैद्यकापाशी त्यावर औषध असे नव्हतेच. मोकळी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती हाच उपचार. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला लोक महिनोन्‌महिने जाऊन राहत ते यासाठीच. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि साठीच्या दशकाअखेर रिफॅम्पिसिन हाती आले. अवघ्या पाव शतकात एक असाध्य रोग साध्य झाला. या पर्वात भारताचा वाटा प्रेक्षकाचा नव्हता. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या केंद्राने रुग्णांचे दोन गट करून एकाला रुग्णालयात आणि दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरात औषधे दिली. घरी राहून औषध घेणारा रुग्णही तितकाच बरा होतो आणि त्याच्यापासून घरच्यांना अधिक धोका संभवत नाही, हे तेथे सिद्ध झाले. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर क्षयाच्या आरोग्यधामांचे युग जगभर मावळू लागले. गरीब देशात, गरीब रुग्णांवर, सरकारी पैशाने झालेल्या या प्रयोगाने श्रीमंत देशांचाही प्रचंड खर्च वाचवला, ही गोष्ट आज फारशी कोणाला आठवत नाही.

त्यानंतर मात्र शांतता पसरली. रिफॅम्पिसिन आणि बेडाक्विलिन यांच्यामध्ये चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे. या काळात रक्तदाब, कोलेस्टेरॉल, नैराश्य यांवर औषधांची रांग लागली. क्षयासाठी पूर्णपणे नव्या जातीचे औषध मात्र कोणी बाजारात आणले नाही. शास्त्रज्ञांची बुद्धी आटली होती, असे नव्हे. युरोप-अमेरिकेत क्षय ओसरला आणि त्याबरोबर क्षयाच्या औषधाची बाजारपेठही ओसरली. अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षात विद्यार्थ्याला शिकवले जाते की, गरज म्हणजे मागणी नव्हे. गरजेला क्रयशक्तीची जोड मिळाली म्हणजे मागणी होते. धारावीतल्या खोकणाऱ्या मजुराची गरज कितीही तीव्र असली तरी कंपनीच्या ताळेबंदात ती दिसत नाही. जानेवारी २०१४ मध्ये अॅस्ट्राझेनेका कंपनीने क्षय व तत्सम उपेक्षित रोगांवर काम करणारी आपली बंगलोरची संशोधनशाळा बंद करण्याचे जाहीर केले. त्यात दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. भागधारकांना जबाबदार असलेली संस्था ज्या हिशेबाने चालते, त्या हिशेबाने ती चालली, इतकेच.

रोग मात्र या हिशेबाची वाट पाहत थांबला नव्हता. अर्धवट उपचार, चुकीची औषधयोजना आणि मध्येच थांबवलेल्या गोळ्या यांमुळे जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण नोंदवले की, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. ही वार्ता जगभर गाजली. २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयाची नव्याने बाधा झाली आणि साडेबारा लाख लोक त्याने दगावले. या नव्या रुग्णांपैकी २६ टक्के भारतातील होते.

आता संशोधनाच्या खर्चाचा प्रश्न. नवे औषध शोधण्यास दोन-अडीच अब्ज डॉलर लागतात, असे कंपन्यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासातला आकडा २ अब्ज ५६ कोटी डॉलरचा होता. परंतु त्याची फोड केली तर त्यातले सुमारे १ अब्ज १६ कोटी डॉलर प्रत्यक्ष खर्चाचे नसून, गुंतलेल्या पैशावर इतक्या वर्षांत जो परतावा मिळाला असता त्याचे आहेत. उरलेल्या रकमेतही फसलेल्या औषधांचा खर्च यशस्वी औषधाच्या खात्यावर घातलेला आहे. ही पद्धत चुकीची म्हणता येणार नाही. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच बाजारात येते, आणि वर्षानुवर्षे अडकलेल्या भांडवलाला किंमत असतेच. त्यात क्षयाचा जंतू मुलखाचा मंद. इतर अनेक जंतू विसेक मिनिटांत दुप्पट होतात, याला सुमारे वीस तास लागतात. प्रयोगशाळेतला प्रत्येक प्रयोग त्यामुळे लांबतो आणि रुग्णांवरील चाचणी तर कित्येक वर्षे चालते. वेळ हाच येथला सर्वांत महाग कच्चा माल आहे. म्हणूनच हा वेळ कोणाच्या पैशाने विकत घेतला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

बेडाक्विलिनच्या बाबतीत त्याचे उत्तर उपलब्ध आहे. रेणूचा शोध कंपनीच्या बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी लावला आणि २००५ मध्ये तो जाहीर केला. जंतूची ऊर्जानिर्मितीच बंद पाडणारे हे औषध सर्वस्वी नव्या जातीचे होते. त्या शोधाचे श्रेय कंपनीला न देणे हा कृतघ्नपणा होईल. तथापि पुढच्या चाचण्यांचा मोठा भार सरकारांनी आणि सार्वजनिक संस्थांनी उचलला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या औषधावरील सार्वजनिक गुंतवणूक ४५ कोटी ५० लाख ते ७४ कोटी ७० लाख डॉलर, तर कंपनीची ९ कोटी ते २४ कोटी डॉलर इतकी होती. फसलेल्या प्रयत्नांचा आणि भांडवलाच्या किमतीचा भार घातला की कंपनीचा आकडा बराच वाढतो, हेही त्याच अभ्यासात म्हटले आहे. तरीसुद्धा निम्मा भागीदार तरी जनता होतीच. शिवाय डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळताच कंपनीला तेथील कायद्याप्रमाणे बक्षीस म्हणून, दुसऱ्या एखाद्या औषधाची तपासणी लवकर करून घेण्याचा हक्क मिळाला. असे हक्क विकताही येतात आणि २०१५ मध्ये एकाला ३५ कोटी डॉलर भाव आला होता. जॉन्सन अँड जॉन्सनने आपला हक्क सोरायसिस या त्वचारोगावरील औषधासाठी वापरला. क्षयाच्या संशोधनाचे बक्षीस अखेर त्वचेच्या औषधाला मिळाले, हा योगायोग नाही. बाजारपेठ कोठे आहे, याची ती खूण आहे.

आणि किंमत? श्रीमंत देशांसाठी ३०,००० डॉलर, मध्यम देशांसाठी ३,००० आणि गरीब देशांसाठी ९०० डॉलर अशी सुरुवातीची वर्गवारी होती. पुढे २०१८ मध्ये ती अनेक देशांसाठी ४०० डॉलरवर आली. याउलट उत्पादनाचा खर्च वाजवी नफा धरूनही सहा महिन्यांना ४८ ते १०१ डॉलर येईल, असा अंदाज २०१७ मध्ये संशोधकांनी मांडला होता. भारतात २०१६ मध्ये हे औषध आले ते देणगीदाखल, ६०० रुग्णांपुरते आणि देशातील केवळ सहा केंद्रांत. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते मिळावे म्हणून तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. येथे आडवी आली ती निव्वळ किंमत नव्हे. औषध थोडे, रुग्ण अनेक, आणि वाटपाचे नियम भित्रे, अशी ती स्थिती होती. ज्याच्या हाती औषधाची मालकी नसते, त्याला वाटपाचे नियमही दुसऱ्याच्या मर्जीने करावे लागतात.

या टप्प्यावर १९७० च्या पेटंट कायद्याची आठवण काढण्याचा प्रघात आहे. तो कायदा दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. साठीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या सेनेटमधील केफॉव्हर समितीने ज्या देशात औषधांचे भाव जगातील सर्वांत चढ्या भावांपैकी असल्याचे नमूद केले होते, तोच भारत पुढे जगाला स्वस्त औषधे पुरवू लागला. औषधांवर पदार्थाचे पेटंट नाही, केवळ कृतीचे; आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. या सवलतीने पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून मुंबईच्या खासगी कंपन्यांपर्यंत सर्वांना वाव दिला. २००१ मध्ये सिप्लाने एड्सची वर्षाची औषधे ३५० डॉलरना देऊ केली, तेव्हा त्यांचा पाश्चात्त्य भाव १०,००० डॉलरहून अधिक होता. २००५ मध्ये जागतिक करारानुसार पदार्थाचे पेटंट परत आले, तरी जुन्याच रेणूला किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळू नये, अशी तरतूद कायद्यात राहिली. २०१३ मध्ये ग्लिव्हेकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बेडाक्विलिनचा अर्ज फेटाळतानाही तिचा आधार घेतला गेला.

परंतु या पुण्याईवर किती दिवस काढायचे? १९७० च्या कायद्याने भारताला औषध स्वस्तात बनवायला शिकवले; शोधायला शिकवले नाही. दुसऱ्याच्या शोधाची किंमत पाडणे हे कौशल्य मोलाचे खरे, पण शोधच लागला नाही तर किंमत कशाची पाडणार? देशी औषध कंपन्या नफ्यातला बराचसा पैसा अमेरिकेत विकायच्या औषधांच्या मागे लावतात. त्यांच्याही ताळेबंदात धारावीचा मजूर दिसत नाही. या बाबतीत देशी आणि परदेशी भांडवलात फरक करण्याची भाबडी सवय सोडलेली बरी. सरकारची स्थिती फार वेगळी नाही. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. २००८ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने क्षयाच्या औषधासाठी सर्वांना खुले असे सहकारी संशोधन सुरू केले. कल्पना उत्तम होती, पण पुढे ते काम मंदावले.

ज्यांना हे स्वप्नरंजन वाटेल, त्यांच्यासाठी दुसऱ्या एका औषधाचे उदाहरण आहे. प्रिटोमॅनिड हा रेणू एका कंपनीने अर्ध्यावर सोडला होता. २००२ मध्ये तो टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने हाती घेतला आणि सरकारांच्या व धर्मादाय न्यासांच्या पैशाने २०१९ मध्ये मान्यतेपर्यंत नेला. त्याच्या उत्पादनाचे परवाने भारतीय कंपन्यांनाही मिळाले. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. पूर्वी याच रुग्णांना दीड-दोन वर्षे हजारो गोळ्या आणि इंजेक्शने सोसावी लागत.

मात्र त्या पैशातला मोठा वाटा अमेरिका, ब्रिटन यांसारख्या सरकारांचा आणि गेट्स फाउंडेशनचा होता. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एकाएकी छाटून टाकली, तेव्हा जगातील क्षय संशोधनाच्या पायाखालची वाळू सरकली. २०२२ मध्ये या संशोधनावर साऱ्या जगात मिळून सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाले होते. २०२७ पर्यंत वर्षाला पाच अब्ज डॉलर हे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. ज्या देशात जगातले पाव रुग्ण आहेत, त्याने या रकमेतला ठसठशीत वाटा उचलणे ही दानत नव्हे, साधा व्यवहार आहे. पैसा आधी घालणाऱ्याला अटी घालता येतात: चाचणीचा खर्च सरकारचा, म्हणून परवाना एकाहून अधिक उत्पादकांना, ठरावीक भावाने ठरावीक खरेदीची हमी, म्हणून भावाला मर्यादा. औषध तयार झाल्यावर न्यायालयात आणि पेटंट कार्यालयात जे मागावे लागते, ते आधीच करारात लिहून घेता येते. मद्रासचे ते जुने केंद्र राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून चेन्नईत आजही उभे आहे, आणि बेडाक्विलिनसह नव्या औषधांच्या छोट्या उपचाराची चाचणी तेथील शास्त्रज्ञांनी देशातील रुग्णांवर यशस्वी करून दाखवली आहे. उणीव माणसांची नाही.

आणि वेळही फारसा हाती नाही. बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू अनेक देशांत आढळू लागले आहेत. बीसीजी लस माणसाला प्रथम दिली गेली १९२१ मध्ये. मोठ्या माणसांना फुप्फुसाच्या क्षयापासून खात्रीने वाचवील अशी लस अजून नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या एका लसीने मधल्या टप्प्यात सुमारे ५० टक्के संरक्षण दाखवले, आणि तरीही २०२० मध्ये कंपनीने तिच्या पुढील विकासाचे काम गेट्स फाउंडेशनच्या संशोधन संस्थेकडे सोपवले. लसीचा परिणाम वाढवणारा घटक मात्र कंपनीच पुरवणार आहे. अखेरच्या टप्प्याची चाचणी मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. त्यासाठी ५५ कोटी डॉलर गेट्स फाउंडेशन आणि ब्रिटनमधील वेलकम न्यास देत आहेत. चाचणीत भाग घेणाऱ्या देशांच्या यादीत भारताचे नाव नाही.