खवीस, मुंजा आणि मी

भुताची पहिली गोष्ट मी ऐकली ती सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी, शेजारच्या आजींच्या ओट्यावर. वय असेल सात-आठ वर्षांचं. वीज गेली की आळीतली सगळी पोरं तिथं जमायची. कंदिलाची वात बारीक करून आजी सुरुवात करायच्या. एका रात्री गोष्टीत खवीस आला. कुणीतरी विचारलं, "आजी, खवीस म्हणजे?" आजी बोलून गेल्या, "मेलेल्या मुसलमानाचं भूत." सगळी पोरं एकदम माझ्याकडं बघायला लागली. आणि गंमत म्हणजे मीसुद्धा घाबरून मागं वळून पाहिलं! आजींच्या लक्षात आलं. त्यांनी मला ओढून जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "ह्याच्याकडं काय बघताय? सगळ्यांत जास्त हाच भ्यालाय."

घरी येऊन मी दादीला विचारलं, "मेल्यावर आपण खवीस होतो का?" दादी पोट धरून हसली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "तिन्हीसांजेला पिंपळाखालनं मात्र जाऊ नकोस. तिथं मुंजा असतो." मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधीच वारलेला ब्राह्मणाचा मुलगा. थोडक्यात, आजींच्या घरातलं भूत आमचं होतं आणि आमच्या घरातलं त्यांचं.

पुढं शब्दांचा नाद लागला, तेव्हा कोश चाळले. 'खवीस' हा अरबी 'खबीस'वरून आलेला शब्द. मूळ अर्थ दुष्ट, नापाक. त्यात कुणाचा धर्म नाही. तो नंतर आपण जोडला. 'जिन्न' हा शब्द अरबीतल्या ज्या धातूपासून झाला, त्याचा अर्थ झाकणं, दडवणं. पोटातला न दिसणारा गर्भ म्हणजे 'जनीन' आणि बुद्धीवर पडदा पडला की होतो तो 'जुनून', हे शब्द त्याच कुळातले. जे दिसत नाही ते जिन्न. मला वाटतं, ज्याच्या घरात आपण कधी पाणीही प्यायलेलो नाही, त्याचं भूत व्हायला असाच वेळ लागत नाही.

पण मग एवढं घाबरूनही आम्ही पुन्हा पुन्हा त्या ओट्यावर का जायचो? भीती कुणाला हवी असते? शरीराच्या बाजूनं उत्तर सोपं आहे. भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन स्रवतं. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, पळण्याची किंवा लढण्याची तयारी होते. आणि त्याच वेळी मनाला ठाऊक असतं की आपण ओट्यावर आहोत, शेजारी आजी आहेत. धोका खोटा, धडधड मात्र खरी. ती ओसरताना जी सुटका वाटते, तिचीच चटक लागते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी याच्या पुढचा विचार केला होता. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक आहे आणि अद्भुतही आहे. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा विस्मय. नाट्यशास्त्राचे टीकाकार अभिनवगुप्त भयानक रसाचं उदाहरण देतात ते भुताचं नाही. ते देतात शाकुंतलातल्या हरणाचं. मागून राजाचा रथ येतो आहे, बाण कधी लागेल याचा नेम नाही आणि हरीण मान वळवून पाहत धावतं आहे. प्रेक्षक त्या वेळी राजाच्या रथात नसतो. तो हरणाबरोबर धावत असतो. हे वाचलं तेव्हा मला आजींचा ओटा आठवला. मागं वळून बघणारं ते पोर आठवलं.

कॉलेजच्या दिवसांत वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणायचो. घरात सगळे झोपले की वाचायला घ्यायचो. आमचं न्हाणीघर अंगणापलीकडं होतं. एका रात्री पुस्तक मिटलं आणि तांब्या हातात घेऊन दाराशीच उभा राहिलो, अंगण ओलांडायचा धीर होईना. शेवटी दादीला उठवलं. त्याआधी 1984 सालचा 'पुराना मंदिर' आम्ही भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला होता. पहिला अर्धा तास अंगावर काटा आला. पण राक्षस पुरता दिसला आणि आम्ही पोरं हसायला लागलो. भूत पूर्ण दिसलं की कल्पनेला काम उरत नाही. म्हणूनच मला वाटतं, भुताच्या गोष्टीला रेडिओइतकी चांगली जागा नाही. दार करकरल्याचा आवाज आला की दार ज्याचं त्यानं आपल्या मनातलं लावायचं.

पुढं रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचल्या आणि आणखी एक गोष्ट उमगली. तिथं भूत पिंपळावर कमी आणि माणसाच्या मनात जास्त राहतं. अपराध, हव्यास, एकटेपण यांतून ते उभं राहतं. 2018 साली 'तुंबाड' पाहिला, तेव्हाही तेच. सोन्याच्या नाण्यांसाठी विनायक पुन्हा पुन्हा त्या विहिरीत उतरतो आणि पोटच्या पोरालाही तीच वाट दाखवतो. हस्तर भयंकर आहेच, पण मला घाम फुटला तो बापलेकांकडं बघून. चांगली भयकथा दुसऱ्याच्या भुतापासून निघते आणि हळूहळू आपल्या घराशी येऊन थांबते.

त्याच वर्षी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आणखी एक भयकथा घडली. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते. बाजारच्या दिवशी तिथं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भटक्या माणसांना जमावानं ठेचून मारलं. कुणी मूल पळवलेलं नव्हतं. त्या निरोपातही अंधार होता, अनोळखी माणूस होता, लहान मूल होतं. भुताच्या गोष्टीचा सगळा सरंजाम होता. पण ती गोष्ट आहे, असं सांगणारं कुणी नव्हतं. आणि हरीण जिवंत होतं. लोक मात्र रथात बसले होते.

तेव्हापासून भयकथांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. मुलं भित्री होतात, असं ते म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. गोष्टीतली भीती आटपाट नगरात सुरू होते आणि सुफळ संपूर्ण होते. मध्ये केव्हातरी ती आपल्याला हरणाच्या जागी उभं करते. अफवेला सुरुवात ठाऊक नसते आणि शेवटही नसतो. ज्यानं लहानपणी भरपूर खोटी भीती पचवली आहे, त्याला दोन्हींतला फरक कळण्याची थोडी तरी आशा असते.

परवा वीज गेली तेव्हा नातीनं गोष्टीचा हट्ट धरला. मी आजींचीच गोष्ट सांगितली, पडक्या वाड्यातल्या खविसाची. तिनंही विचारलं, "खवीस म्हणजे कोण?" मी म्हटलं, "खवीस म्हणजे दुष्ट. बाकी काही नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग अंगावरची चादर सारखी करत म्हणाली, "संपली ना गोष्ट?"

"संपली," मी म्हणालो. तरी वीज येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.