अनोळखी क्रोटनची ओळख आणि जतन

जुन्नर-आंबेगावच्या अंगणांत वाढणारा क्रोटन मूळचा मलेशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंतच्या प्रदेशातील असून, 1753 मध्ये लिनियसने त्याला ‘क्रोटन’ प्रजातीत घातले आणि पुढे तो ‘कोडियम’ या वेगळ्या प्रजातीत गेला, तरी बागेत जुनेच नाव टिकले. त्याचे शेकडो वाण एकाच जातीचे आहेत. अनोळखी वाण केवळ रंगावरून ओळखता येत नाही, कारण तेच झुडूप सावलीत हिरवट राहते व उन्हात लाल-पिवळे होते. म्हणून पाते रुंद आहे, अरुंद आहे, पिळलेले आहे की मध्येच तुटून नुसत्या मध्यशिरेवर पुढे लोंबणारे आहे, हे आधी पाहावे. एखाद्याच फांदीची पाने निराळी असल्यास तो कलिका-उत्परिवर्तनाचा, म्हणजे वाढत्या डोळ्यातील पेशींमध्ये झालेल्या आनुवंशिक बदलाचा, परिणाम असू शकतो. जुन्नरच्या बागायतदारांना परिचित असलेला ‘शरद सीडलेस’ हा द्राक्षवाणही किशमिश चोर्नीतील अशाच बदलातून निवडला गेला.

नाव सापडेपर्यंत जतन लांबवणे मात्र घातक ठरते, कारण एकुलते झुडूप थंडीने किंवा मुळकुजीने गेले की वाणही जातो. बियांपासून आलेली रोपे मातृवृक्षासारखी निघत नाहीत, त्यामुळे येथील डाळिंब उत्पादकांच्या हातात बसलेले गुटी कलमच येथे कामी येते: पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरील सालीचे दोन-तीन सेंटिमीटरचे कडे काढून, तेथे ओले शेवाळ प्लास्टिकने घट्ट बांधतात आणि मुळ्या दिसू लागल्यावर फांदी कापून कुंडीत लावतात. अशी रोपे दोन-तीन घरी वाटून, प्रत्येकासोबत मूळ ठिकाण, तारीख आणि कोवळ्या व जून पानांची छायाचित्रे ठेवावीत.