इंजिन पुनर्बांधणीतील बेअरिंगची निवड

झिजलेले अंतर्ज्वलन इंजिन उघडून पुन्हा जुळवताना क्रँकशाफ्टला आधार देणारी मुख्य बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातील बेअरिंगे सामान्यतः नवी बसवली जातात. बेअरिंगसाठी मराठीत 'धारवा' हा पारिभाषिक शब्द आहे. इंजिनाचे नाव किंवा जुन्या बेअरिंगवरील आकडा एवढ्यावरून ही निवड करता येत नाही. ती क्रँकशाफ्टच्या प्रत्यक्ष मोजमापावरून करावी लागते. बेअरिंग हा तुलनेने स्वस्त व सहज बदलता येणारा भाग आहे. मात्र त्याची निवड चुकल्यास कितीतरी महाग असा क्रँकशाफ्ट निकामी होऊ शकतो.

रचना व कार्य

मोटारगाड्या, ट्रॅक्टर व सिंचन पंपांच्या बहुतेक इंजिनांत प्रत्येक बेअरिंग दोन अर्धवर्तुळाकार कवचांचे असते. या कवचांना शेल म्हणतात. शेलची पाठ पोलादी असून आतून मऊ धातूचे अस्तर असते. क्रँकशाफ्टचा जो गुळगुळीत दंडगोल भाग शेलमध्ये फिरतो, तो जर्नल होय. फिरणारा जर्नल तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढतो. तेथे तेलाचा दाब वाढतो आणि जर्नल तेलाच्या पातळ थरावर तोलला जातो. बीचम टॉवर यांच्या प्रयोगांत १८८३ साली हा दाब दिसून आला. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याची गणिती उपपत्ती मांडली.

तेलाची फट

जर्नल व शेल यांतील फट साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या एक हजारांशाच्या आसपास असते. अचूक मर्यादा त्या इंजिनाच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या असतात. फट अपुरी असल्यास तेलाचा थर टिकत नाही व बेअरिंग तापून जर्नलला चिकटते. फट जास्त असल्यास तेल बाजूने वाहून जाते. ही गळती अंदाजे फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने फट दुप्पट झाली तर गळती सुमारे आठपट होते. परिणामी तेलाचा दाब घटतो व इंजिन ठोके देऊ लागते.

मापाची निवड

प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी व परस्परांशी काटकोनात मोजतात, कारण झीज सर्वत्र सारखी नसते. झीज मर्यादेबाहेर असल्यास किंवा चरे पडले असल्यास जर्नल घासून ठरावीक मापाने लहान करतात व त्या मापाचे अंडरसाइझ शेल वापरतात. ०.२५, ०.५० व ०.७५ मिमी ही प्रचलित मापे आहेत. ०.२५ मिमी अंडरसाइझ संचातील प्रत्येक शेल मूळ शेलपेक्षा ०.१२५ मिमी जाड असतो.

समजा, जर्नलचा मूळ व्यास ६०.०० मिमी आणि स्टँडर्ड बेअरिंगचा आतील व्यास ६०.०५ मिमी आहे. जर्नल झिजून ५९.८८ मिमी झाला असता स्टँडर्ड शेल बसवल्यास फट ०.१७ मिमी होईल. न घासता ०.२५ मिमी अंडरसाइझ शेल बसवल्यास आतील व्यास ५९.८० मिमी होऊन शाफ्ट जखडेल. जर्नल ५९.७५ मिमीपर्यंत घासल्यावर मात्र मूळची ०.०५ मिमी फट परत मिळते. चरे खोल असतील, तर पुढचे माप घ्यावे लागते. म्हणून घासकाम कोणत्या मापापर्यंत जाईल हे ठरल्यानंतरच शेल खरेदी करणे योग्य ठरते. पृष्ठभाग कठीण केलेल्या काही क्रँकशाफ्टांत घासकामाने कठीण थर निघून जातो. तेथे पुन्हा कठिणीकरण करावे लागते.

धातूची निवड

आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली पेटंट घेतलेला कथिलप्रधान मिश्रधातू अत्यंत मऊ असतो. तेलातील बारीक कण तो स्वतःत रुतवून घेतो, पण जड भारास तो कमी पडतो. पोलादावर ॲल्युमिनियम-कथिलाचे अस्तर असलेली द्विधातू बेअरिंगे सर्वसाधारण वापराच्या अनेक इंजिनांत आढळतात. पोलाद, तांबे-शिसे आणि वर अतिशय पातळ मऊ थर अशी त्रिधातू बेअरिंगे जड भाराच्या डिझेल इंजिनांत वापरली जातात. काही इंजिनांत कनेक्टिंग रॉडचा वरचा व खालचा शेल भिन्न धातूंचा असतो, कारण ज्वलनाचा दाब वरच्या शेलवर येतो. मुख्य बेअरिंगच्या वरच्या शेलला सहसा तेलाचे छिद्र व खाच असते. हे शेल उलटसुलट बसल्यास तेलाचा मार्ग बंद होतो.

बसवणी व जुने शेल

शेल अर्धवर्तुळापेक्षा किंचित मोठे असतात. कॅप आवळल्यावर ते दाबले जाऊन बैठकीत घट्ट बसतात. शेलवरील जीभ केवळ जागा दाखवण्यासाठी असते. शेलला फिरू न देण्याचे काम हा दाबच करतो. फट कमी करण्यासाठी कॅप घासणे किंवा शेलखाली कागद ठेवणे घातक असते. पहिल्या उपायाने बैठकीची गोलाई बिघडते. दुसऱ्याने शेलचा आधार व उष्णता वाहून नेण्याची वाट बिघडते.

काढलेले शेल क्रमाने मांडून तपासणे उपयुक्त असते. सर्वत्र बारीक चरे तेलातील घाण सुचवतात. पुसून ओढल्यासारखे चकचकीत अस्तर तेलाचा तुटवडा दाखवते, तर एकाच शेलच्या कडेची झीज वाकलेला रॉड किंवा निमुळता जर्नल दर्शवते. मूळ कारण दूर न केल्यास योग्य मापाचे नवे शेलही त्याच रीतीने निकामी होतात.