उच्च माध्यमिक भौतिकशास्त्र : विद्यार्थ्यांकडून अपेक्षा

सिंधीपुऱ्यातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याकडून भौतिकशास्त्रात नेमके काय अपेक्षित आहे, हे बऱ्हाणपूरच्याच कुंडी भंडाऱ्यावरून स्पष्ट करता येते. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, इ. स. १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून, पंपाविना, शहराकडे आणले गेले.

पाणी का वाहते, असे विचारल्यास विद्यार्थी बहुधा ‘दाबामुळे’ म्हणतो आणि पाठ केलेले सूत्र लिहितो. परंतु कुंड्या वर उघड्या असल्याने भुयारातील पाण्याच्या पृष्ठभागावर सर्वत्र वातावरणाचाच दाब असतो. पाणी वाहते ते भुयाराच्या मंद उतारामुळे, म्हणजेच गुरुत्वाकर्षणाने.

यावरून तीन अपेक्षा निघतात : आकृती काढावी, गृहीतके सांगावीत, उत्तर एककांसह पडताळावे. उदाहरणार्थ, १० मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ९८,००० पास्कल, म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका होतो. त्यामुळे याहून खोल कुंडीतील पाणी वर बसवलेला शोषण पंप उचलू शकत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतः सांगता यावे.

केवळ पाठांतरावर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षी अडखळतो व विज्ञान शाखा सोडण्याचा विचार करू लागतो. ‘का?’ विचारण्याची सवय त्यास वर्गातच लावणे, ही शिक्षकांची जबाबदारी आहे.