रिम वाढवा, पण व्यास राखा!

गाडीची मूळची पंधरा इंची चाके उतरवून तिला सोळा इंची अलॉय व्हील चढविण्याची हौस सर्वथा समर्थनीय असली, तरी टायरची निवड केवळ दुकानदाराच्या मर्जीवर सोपविणे इष्ट नव्हे. सबब थोडे गणित स्वतःच करावे.

टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असेल, तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे त्या रुंदीशी साइडवॉलच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. वरची व खालची साइडवॉल आणि रिम यांची बेरीज ६२१.५ मिलिमीटर भरते. रिम सोळा इंची झाली की साइडवॉल त्याच हिशेबाने उतरली पाहिजे: १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ येतो, म्हणजे फरक नगण्य. उलट रुबाबाच्या मोहाने २०५/६५ आर १६ बसविल्यास तो ६७२.९ होऊन, अचूक स्पीडोमीटरही १०० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ताशी १०८ किलोमीटरने धावते, आणि वळणावर टायर आतून घासण्याचे भय राहते ते वेगळेच.

भारक्षमतेचा अंकही तपासावा: ८८ म्हणजे दर टायरला ५६० किलो, तर ८७ म्हणजे ५४५. मूळ अंकाहून कमी पत्करू नये.

तेव्हा चालकाच्या दाराजवळील पट्टीवरचे माप आधी टिपून घ्या, आणि व्यासातील फरक शेकडा तीनच्या आत बसत नसेल, तर खरेदी बेलाशक तहकूब करा.