दमट हवेत वाळणारी पेटी

पावसाळा लागला की उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाखेचं पॉलिश मारणारा हात आखडता घेतो. हवा ओली असली की स्पिरिटात विरघळवलेली लाख पांढरट पडते. जपानी कारागिराचं गणित नेमकं उलटं. लिखाणाच्या पेटीवर, म्हणजे सुझुरिबाकोवर, तो जे रोगण चढवतो ते वाळायला दमट हवाच लागते; नसली तर बंद कपाट आतून ओलं करून त्यात पेटी ठेवतात. बदलापूरचा जुलै त्याला आयताच मिळाला असता!

आपली लाख किड्यापासून मिळते; हे जपानी रोगण, उरुशी, म्हणजे झाडाचा चीक. दमट हवेत त्यातलं विकर प्राणवायू घेऊन चिकाला असं आळवतं, की नंतर तो स्पिरिटलाही दाद देत नाही. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाच्या सालीला चरे पाडायचे, तेव्हा हंगामात जेमतेम पेलाभर चीक निघतो. झाड बिब्ब्याच्या, काजूच्या, आंब्याच्या कुळातलं. म्हणूनच बिब्बा उततो तशी ताजी उरुशीही अंगावर उतते.

पेटीत शाईचा दगड आणि पाण्याची झारी असते. शाईची कांडी सहाणेवर चंदन उगाळावं तशी पाण्यात उगाळायची. एवढ्याशा कामासाठी थरावर थर, प्रत्येक थर वाळवून घासायचा. मग ओल्या रोगणाने चित्र काढून त्यावर नळीतून सोन्याची पूड भुरभुरवायची, ही माकिए.

तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात कलावंत ओगाता कोरिनची (१६५८–१७१६) दुमजली पेटी आहे: वर दगड, खाली कागद. काळ्या अंगावर आयरिसची सोनेरी पानं, फुलं शिंपल्याची, पुलाच्या फळ्या चक्क शिशाच्या पत्र्याच्या. पूल झाकणावरून वळून बाजूंवर उतरतो, म्हणून एका जागी उभं राहून चित्र पुरं होत नाही. ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथाग्रंथातला हा प्रसंग, पण माणूस एकही काढलेला नाही. सोन्याशेजारी शिसं बसवायची ही हिंमत मला साऱ्या चकाकीपेक्षा मोठी वाटते.

एवढी चिवट उरुशी उन्हाला मात्र हरते; चकाकी जाते, पृष्ठभाग झिजतो. आता जपानात काजूच्या टरफलातल्या तेलाचंही रोगण करतात. ते स्वस्त पडतं, लावायला सोपं, आणि दिसायला उरुशीच्या बरंच जवळ जातं.