दहा वर्षांत तीन सत्तांतरे

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहर तुम्ही नकाशात पाहिले असेल. या शहराचे पहिले नाव न्यू ॲमस्टरडॅम होते. ते इंग्रजांनी नव्हे, तर हॉलंडच्या डच लोकांनी वसवले. जुन्या मराठी कागदपत्रांत या डचांनाच 'वलंदेज' म्हटले आहे. १६६४ ते १६७४ या दहा वर्षांत हे शहर तीनदा एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेले. एखाद्या प्रदेशावरील सर्वोच्च सत्तेला मराठीत 'सार्वभौमत्व' म्हणतात. उर्दूत आपण तिला 'इक्तिदार-ए-आला' म्हणतो. ही सत्ता बदलते तेव्हा तेथे राहणाऱ्या माणसांचे काय होते? या शहराच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

१६०९ मध्ये हेन्री हडसन हा खलाशी डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज घेऊन या किनाऱ्यावर आला. पुढे १६२१ मध्ये डचांची वेस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिने येथे 'न्यू नेदरलँड' नावाची वसाहत उभारली. बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार हा वसाहतीचा मुख्य आधार होता. १६२६ मध्ये कंपनीने मॅनहॅटन बेट तेथील मूळ रहिवाशांकडून ६० गिल्डर किमतीच्या मालाच्या बदल्यात घेतले. गिल्डर हे डचांचे नाणे होते. हे मूळ रहिवासी म्हणजे लेनापे लोक. जमीन कायमची विकता येते, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती, असे अनेक इतिहासकार मानतात.

१६४७ पासून पीटर स्टायव्हेसंट हा वसाहतीचा प्रमुख होता. लढाईत एक पाय गमावल्यामुळे तो लाकडी पाय लावून चालत असे. स्वभावाने तो मोठा करारी होता. १६५३ मध्ये शहराच्या रक्षणासाठी उत्तरेकडे लाकडी तट बांधण्यात आला. त्या तटावरूनच आजच्या 'वॉल स्ट्रीट' या रस्त्याला नाव मिळाले.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला ही वसाहत हवी होती. मार्च १६६४ मध्ये त्याने एक सनद काढली आणि हा सर्व प्रदेश आपला भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, याला देऊन टाकला. प्रदेश डचांच्या ताब्यात, तरी तो देणारा इंग्लंडचा राजा! त्याच वर्षी रिचर्ड निकल्स हा इंग्रज अधिकारी चार जहाजे घेऊन बंदरासमोर उभा राहिला. शरण आल्यास नागरिकांचे हक्क कायम राहतील, असे पत्र इंग्रजांनी पाठवले. ते लोकांना दिसू नये म्हणून स्टायव्हेसंटने फाडून टाकले. लोकांनी मात्र ते पाहण्याचा हट्ट धरला. अखेर पत्राचे तुकडे जुळवावे लागले. किल्ल्यात दारूगोळा कमी होता. शहराचा नाश होऊ नये म्हणून ९३ नागरिकांनी शरण जाण्याचा अर्ज केला. त्यांत स्टायव्हेसंटचा स्वतःचा मुलगाही होता. ८ सप्टेंबर १६६४ रोजी शहर इंग्रजांच्या हाती गेले आणि त्याचे नाव न्यूयॉर्क झाले.

ही शरणागती बिनशर्त नव्हती. दोन्ही पक्षांनी लेखी करार केला. लोकांची घरे, जमिनी आणि माल त्यांच्याकडेच राहील. धर्माच्या बाबतीत त्यांना स्वातंत्र्य असेल. वारसाहक्काच्या डच रीती चालू राहतील. ज्याला जायचे असेल, त्याला एक वर्ष सहा आठवड्यांची मुदत मिळेल, असे त्यात लिहिले होते. पुढे इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्याची वेळ आली. तेव्हा या शपथेने करार मोडणार नाही, अशी लेखी हमी लोकांनी आधी मागून घेतली. मगच शपथ घेतली.

यानंतर दोन्ही देशांत युद्ध झाले. १६६७ मध्ये ब्रेडा येथे तह झाला. त्यानुसार न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहिले, तर दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम डचांकडे राहिले. जायफळासाठी प्रसिद्ध असलेल्या रन या लहानशा बेटावरील हक्कही इंग्रजांनी सोडला. १६७३ मध्ये पुन्हा युद्ध चालू असताना डच आरमाराने न्यूयॉर्क जिंकले आणि त्याला 'न्यू ऑरेंज' असे नाव दिले. परंतु १६७४ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या तहाने ते इंग्रजांना परत करण्यात आले.

त्या काळी राजे प्रदेशांची अशी देवघेव सहज करीत. याच दुसऱ्या चार्ल्सला १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगिजांकडून मुंबई मिळाली होती. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. मुंबईच्या रहिवाशांना कोणी विचारले नव्हते.

न्यूयॉर्कमधील डच लोकांच्या हाती मात्र लेखी करार होता. त्यांची घरे, त्यांचे चर्च आणि त्यांची भाषा टिकून राहिली. अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे १७८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मले. त्यांची मातृभाषा डच होती! खुद्द स्टायव्हेसंटही इंग्रजी अमलात आपल्या शेतावर राहिला आणि १६७२ मध्ये तेथेच वारला.

परंतु हे संरक्षण सर्वांना मिळाले नाही. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी या शहरातील कितीतरी कामे केली होती. १६४४ मध्ये त्यांतील अकरा जणांनी अर्ज करून अर्धे स्वातंत्र्य मिळवले, तरी त्यांची मुले कंपनीच्याच मालकीची राहिली. इंग्रजांच्या अमलातही गुलामगिरी चालूच होती. लेनापे लोकांना तर एकाही तहाच्या वेळी कोणी बोलावले नाही.

झेंडा बदलला म्हणजे सगळे बदलते असे नाही. ज्यांचे हक्क लिहिले गेले, त्यांचे पुष्कळसे टिकले. ज्यांचे हक्क कोणी मानलेच नाहीत, त्यांच्या दृष्टीने सत्ता बदलली, पण दशा बदलली नाही. इतिहासात एखादा तह वाचाल, तेव्हा त्यावर सह्या कोणी केल्या हे पाहाच. पण तेथे राहणाऱ्यांपैकी कोणाला विचारले नव्हते, हेही शोधून पाहा.